मिरचीला नाव आहे, रक्ताच्या चाचणीला का नसावे?

लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्याच्या तोंडावर एक फेरी मारून यावी. ब्याडगीचा ढीग वेगळा, संकेश्वरीचा वेगळा, काश्मिरीचा वेगळा. ज्याचे त्याचे नाव, ज्याचा त्याचा किलोचा भाव आणि तराजूवर सरकारचा शिक्का! वर्षाचा मसाला करावयास निघालेली गृहिणी चार दुकानांत भाव विचारते, पाचव्या दुकानात घासाघीस करते आणि मगच पिशवी पुढे करते. "बाई, ब्याडगी सुटी मिळत नाही, आमचा तिखट-आरोग्य-संच घ्या, त्यात ब्याडगी आहेच," असे तिला कोणी सांगितले, तर ती त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

हीच गृहिणी परळला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत जाते, तेव्हा मात्र तिचे सारे व्यवहारज्ञान दाराबाहेर राहते. तिच्या हातातील चिठ्ठीवर डॉक्टरांनी टी.एस.एच. एवढी तीनच अक्षरे लिहिलेली असतात. एका प्रयोगशाळेत ती चाचणी 'थायरॉइड प्रोफाइल' या नावाखाली मिळते, दुसरीत 'थायरॉइड फंक्शन टेस्ट' म्हणून, तिसरीत 'अल्ट्रासेन्सिटिव्ह' असे भारदस्त विशेषण लावून आणि चौथीत स्त्रियांच्या आरोग्याच्या कुठल्याशा 'पॅकेज'च्या पोटात साठ-सत्तर चाचण्यांबरोबर. रक्त तेच, संप्रेरक तेच आणि बहुधा यंत्रही त्याच जातीचे; पण नावे चार आणि भावही चार! यांतले कोणते नाव कोणत्या चाचणीचे, हे जिला कळत नाही, तिने भावाची तुलना करावी तरी कशाची कशाशी?

प्रश्न दिसावयास लहान आहे, पण तो लहान नाही. गिरगावातील पेन्शनर, दादरचा शिक्षक आणि लालबागच्या चाळीतील विधवा या साऱ्यांच्या खिशाला आणि प्रकृतीला तो रोज भिडतो आहे. प्रत्येक चाचणीला सर्वांना ठाऊक असलेले एक नाव आणि एक संकेतांक असावा, तो बिलावर आणि अहवालावर सारखाच छापलेला असावा आणि त्यापुढे त्या एका चाचणीची किंमत असावी, एवढीच आमची मागणी आहे. ही मागणी मान्य करून घेतल्यावाचून वैद्यकीय खर्चाविषयीची आपली सारी ओरड वाऱ्यावर जाणार आहे.

टी.एस.एच. म्हणजे काय ते प्रथम पाहू. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी टी-फोर आणि टी-थ्री ही दोन संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन, रक्तात सोडते. तिने ती किती सोडावी हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी ठरविते आणि त्यासाठी जो हुकूम धाडते त्याचे नाव टी.एस.एच. थायरॉइड मंद झाली की पिट्युइटरीचा आवाज चढतो, म्हणजे टी.एस.एच. वाढते, थायरॉइड उच्छृंखल झाली की तो आवाज बसतो. म्हणूनच बहुसंख्य रोग्यांत प्रथम टी.एस.एच. एकटीच तपासावी, तीत दोष आढळला तर 'फ्री टी-फोर' तपासावा आणि मंद थायरॉइडच्या निदानात टी-थ्रीची सहसा गरज पडत नाही, ही वैद्यकशास्त्राची रूढ रीत आहे. औषधाची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावयाची असते तीही बहुधा टी.एस.एच.च. हा रोग जन्माचा सोबती असल्यामुळे ही तपासणीही जन्मभर करावयाची असते. एका खेपेस दोन अनावश्यक चाचण्या गळ्यात पडल्या, तर वीस वर्षांत किती पडतील याचा हिशेब कोणीही करावा.

आता नावांचा घोळ जीवावर कसा बेततो ते पाहा. रक्तातील बहुतेक सारा टी-फोर प्रथिनांना चिकटलेला असतो. मोकळा असतो तो अगदी थोडा, आणि कार्य करतो तो एवढाच मोकळा अंश. गरोदरपणी ही वाहक प्रथिने वाढतात, त्यामुळे एकूण टी-फोर वाढलेला दिसतो, पण मोकळा टी-फोर तसा वाढलेला नसतो. बिलावर नुसते 'टी-फोर' लिहिलेले असेल, तर मोजला कोणता? 'ड' जीवनसत्त्वाचीही तीच गत. ते शरीरात संप्रेरकासारखेच काम करते. शरीरात त्याचा साठा किती हे पाहावयाची चाचणी निराळी आणि मूत्रपिंडात तयार होणाऱ्या त्याच्या क्रियाशील रूपाची निराळी. नावांत एका आकड्याचा फरक, अर्थात जमीनअस्मानाचा. साठा घटलेला असताना दुसरी चाचणी सर्वसामान्य, कधी वाढलेलीसुद्धा येऊ शकते. म्हणजे चुकीच्या चाचणीचे पैसे मोजून रोगी निश्चिंत मनाने घरी परततो आणि त्याची हाडे आतल्या आत झिजत राहतात!

"पॅकेज स्वस्त पडते, मग तुमची तक्रार कशाला?" असे आम्हांस विचारण्यात येईल. कित्येकदा ते स्वस्त पडते हे खरे; तीन चाचण्यांचा संच एकट्या टी.एस.एच.पेक्षा थोडाच महाग असतो. परंतु स्वस्ताई म्हणजे नेहमीच हित नव्हे. प्रयोगशाळेच्या अहवालात जी 'सर्वसामान्य मर्यादा' छापलेली असते, ती सामान्यतः शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णवांना सामावून घेईल अशी आखलेली असते. याचा अर्थ, अगदी ठणठणीत माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर त्यांतली निदान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याचा संभव सुमारे ६४ टक्के असतो. हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. मग त्या एका ठळक छापलेल्या आकड्यामागे दुसरी चाचणी, तिच्यामागे सोनोग्राफी आणि तिच्यामागे तज्ज्ञाची फी. संचात मिळालेली सवलत महिनाभरात सव्याज वसूल होते आणि घरातील माणसांची झोप उडते ती निराळीच.

पेन्शनरांची हालत आणखी वाईट. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे दरपत्रक पाहिले तर त्यात प्रत्येक तपासणी क्रमवार आणि स्वतंत्र दराने नोंदलेली असते. बिलाचे पैसे परत मिळवावयाचे तर बिलातील बाब त्या यादीतील बाबीशी जुळली पाहिजे. पण बिलावर लिहिलेले असते 'एक्झिक्युटिव्ह हॉर्मोन पॅनेल', एकूण रुपये इतके. यादीत असे पॅनेल कोठेच नाही. कारकून बिल परत करतो आणि तो बिचारा नियमाने वागतो. सत्तरी उलटलेला माणूस गिरगावातून पुन्हा प्रयोगशाळेत हेलपाटा घालतो, 'बाबी सुट्या करून द्या' म्हणून विनवितो आणि तेथील मुलगी त्याला संगणकाकडे बोट दाखविते. कोणाचाच वैयक्तिक दोष नाही आणि पैसे मात्र एकाचेच बुडाले! नामकरणाचा हा गोंधळ दूर करण्याची जबाबदारी ज्यांची, ते या दोन खिडक्यांच्या मधे कोठेच उभे नसतात.

या गोष्टीची खंत परळला तर विशेष वाटावयास हवी. रक्तातील संप्रेरक मोजण्याची आधुनिक विद्या ज्या शोधातून निघाली, तो शोध न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन या दोघांनी लावला. १९५९-६० साली त्यांनी किरणोत्सर्गी आयोडीनच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजून दाखविले. बर्सन १९७२ साली निवर्तले. यालोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीचे पेटंट घेतले असते तर दोघेही गडगंज झाले असते, पण ते त्यांनी घेतले नाही. ज्ञान साऱ्या जगाला मोकळे सोडले. आपल्या येथे अणुशक्ती खात्याने १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे केले ते याच परळात, टाटा रुग्णालयाच्या सान्निध्यात. आणि पुढे थायरॉइडच्या संप्रेरकांच्या मोजणीचे देशी संच त्याच खात्याच्या संस्थांनी बनवून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरविले. विद्या विनामूल्य मिळाली, तिचा देशी संसार सरकारी पैशाने थाटला गेला. आणि आज त्या विद्येच्या साध्या नावावरसुद्धा लोकांचा हक्क राहू नये, हा कोठला न्याय?

बाजारातील अशा गोंधळावरचा इलाज या देशाला ठाऊक नाही असे नाही. स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकात एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नसे. पायलीचे माप तालुक्यागणिक बदले. व्यापाऱ्याला ते सोयीचे होते आणि गिऱ्हाइकाला घातक. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने अमलात आली. त्या वेळीही 'अडाणी जनतेला किलो कसा कळणार?' अशी कुजबुज झालीच. आज त्या जनतेची नातवंडे मिरची गल्लीत पावकिलोचा हिशेब तोंडी करतात. सरकारने त्या वेळी मिरचीचा भाव ठरविला नाही. फक्त माप ठरविले आणि बाकीचे काम गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर सोपविले. चाचण्यांच्या बाबतीत आम्ही याहून अधिक काय मागतो?

औषधांच्या बाबतीत सरकारने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. मंद थायरॉइडवरील लेव्होथायरॉक्सिनची गोळी आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि २०१३ च्या औषध दरनियंत्रण आदेशाखाली तिच्या किमतीवर मर्यादा आहे. त्या गोळीच्या पट्टीवर औषधाचे मूळ नाव, मात्रा, कमाल किंमत आणि मुदत हे सारे छापावेच लागते. पण ती गोळी किती मायक्रोग्रॅमची घ्यावयाची हे जी चाचणी ठरविते, तिच्या नावाला बंधन नाही आणि किमतीला तर नाहीच. कुलूप सरकारने मोजून-मापून दिले आणि किल्ली मात्र बाजारात लिलावाला काढली!

जगात अन्यत्र काय चालते? अमेरिकेत तेथील वैद्यक संघटनेने १९६६ पासून बिलांसाठी संकेतांकांची सूची प्रसिद्ध केली. तीत टी.एस.एच.ला ८४४४३, फ्री टी-फोरला ८४४३९ आणि एकूण टी-फोरला ८४४३६ हे अंक आहेत. नावात घोटाळा झाला तरी अंकात होत नाही. या सूचीचा मोठा दोष असा की तिची मालकी खाजगी संघटनेकडे आहे आणि वापरणाऱ्याला परवान्याचे पैसे मोजावे लागतात. तो मार्ग आपण मुळीच धरू नये. परंतु त्याच देशात इंडियानापोलिस येथील रेगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून 'लॉइंक' नावाची दुसरी सूची सिद्ध केली आहे, ती कोणीही विनामूल्य वापरावी. ती बिलासाठी नसून चाचणी नेमकी ओळखण्यासाठी आहे. काय मोजले, कोणत्या प्रकारे, कोणत्या वेळेचे, कशातून म्हणजे रक्तातून की लघवीतून, हे सारे तीत पृथक् असते. मोठ्या माणसाच्या रक्तद्रवातील टी.एस.एच. तीत ३०१६-३ या अंकाखाली येते आणि नवजात अर्भकाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या थेंबातील टी.एस.एच.ला वेगळा अंक आहे. हा भेद क्षुल्लक नव्हे. भारतात हजार-अकराशे नवजात बालकांत एकाची थायरॉइड जन्मतःच निकामी असते असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री पाहणीत आढळले आहे. पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झाले नाही तर त्या बालकाची बुद्धी कायमची खुंटते. अशा ठिकाणी कागदावर कोणती चाचणी लिहिली हे संदिग्ध राहणे, म्हणजे एका मुलाच्या साऱ्या आयुष्याशी खेळणे होय.

भारत सरकारला हे माहीत नाही काय? चांगले माहीत आहे! आरोग्य मंत्रालयाने २०१३ साली इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली, २०१६ च्या डिसेंबरात ती सुधारून काढली आणि चाचण्यांसाठी लॉइंकचीच शिफारस केली. २०२१ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेचा मोठा गाजावाजाही झाला. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. दिल्लीच्या दस्तऐवजातील संकेतांक दादरच्या प्रयोगशाळेच्या बिलापर्यंत अजून पोचलेला नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. संकेतांकांनी लबाडी थांबते काय? थांबत नाही, हे आम्हांस मान्य आहे. अमेरिकेत एका बड्या प्रयोगशाळा-कंपनीने रक्ततपासणीच्या नेहमीच्या संचात आणखी चाचण्या घुसडल्या आणि सरकारी विम्याकडून त्यांचे निराळे पैसे उकळले. संच मागविणाऱ्या डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता. पण त्या कंपनीला १९९२ साली गुन्हा कबूल करावा लागला आणि ११ कोटी १० लक्ष डॉलर भरावे लागले. हे का होऊ शकले? प्रत्येक चाचणीची स्वतंत्र नोंद बिलात होती म्हणून. चोराची पावले उमटावयास निदान जमीन तरी मऊ असावी लागते. आपल्या येथे बिलावर 'पॅकेज' एवढा एकच शब्द असतो आणि त्या फरशीवर कोणाचेच पाऊल उमटत नाही. आपल्या राज्यात कट प्रॅक्टिसला म्हणजे दलालीला आळा घालणारा मसुदा २०१७ साली तयार झाला होता. त्याचा कायदा झाला नाही. जेथे एका चाचणीची किंमतच दिसत नाही, तेथे त्या किमतीत कोणाचा किती वाटा आहे हे कसे दिसावे?

दुसरा आक्षेप लहान प्रयोगशाळांचा आहे आणि त्याविषयी आम्हांस सहानुभूती आहे. गिरगाव-दादरच्या आळीत तीस-तीस वर्षे निष्ठेने काम करणारे पॅथॉलॉजिस्ट आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल पात्र पॅथॉलॉजिस्टच्या सहीनेच बाहेर पडावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी सांगितले, ते अशाच माणसांच्या बाजूने होते. त्यांच्यावर हजारो संकेतांकांचे ओझे लादावे असे आम्ही म्हणत नाही. रोजच्या व्यवहारात येणाऱ्या शंभर-दीडशे चाचण्यांचा एक तक्ता शासनाने मराठी व इंग्रजीत छापून भिंतीवर लावावयास द्यावा, एवढ्याने पुष्कळ काम भागेल. उलट, स्वच्छ नाव आणि स्वच्छ किंमत यांचा लाभ या प्रामाणिक लहान प्रयोगशाळांनाच अधिक होईल. भपकेदार संचांशी त्यांना आज जी विषम लढत द्यावी लागते, ती सम पातळीवर येईल.

कायद्याची स्थिती काय आहे? केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा २०१० सालचा. त्यात प्रयोगशाळा येतात, आणि त्याखालील २०१२ च्या नियमांत दर दर्शनी भागी लावण्याचे बंधन आहे. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची तरतूद झाली, ही चांगली गोष्ट. पण हा कायदा रोगी राहतात त्या घरांचा. ज्या प्रयोगशाळेत रोगी पाच मिनिटे बाही वर करून बसतो आणि उठून जातो, ती त्याच्या कक्षेत कोठे येते? महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर होणाऱ्या नित्याच्या चाचणीला तिचा आधार नाही. आजारपणाचा जो खर्च कुटुंबाला महिन्यामागून महिने कुरतडतो, नेमका तोच या साऱ्या योजनांच्या जाळ्यातून निसटतो.

या परळ-लालबागने एके काळी निराळे दिवस पाहिले आहेत. १९५४ साली मुंबईत राज्य विमा योजना आली आणि गिरणीतील कामगाराच्या हाती एक कार्ड पडले. परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात त्या कार्डावर त्याची आणि पुढे त्याच्या बायकामुलांचीही तपासणी होई. तेथे रांगा होत्या आणि गैरसोयही होती, पण बिल हा शब्द त्या घराला ठाऊक नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि नोकरीबरोबर ते कार्डही गेले. त्या कामगाराची मुलगी आज त्याच भागात राहते. तिच्या दारात 'पंचाहत्तर चाचण्या, घरबसल्या रक्त देण्याची सोय' असे रंगीत पत्रक येऊन पडते. तिला पंचाहत्तर चाचण्या नको आहेत. तिला एक हवी आहे आणि तिचा भाव हवा आहे.

आमची मागणी म्हणून स्पष्ट आहे. राज्य सरकारने प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र कायदा करावा, किंवा केंद्राचा कायदा स्वीकारावा. प्रत्येक चाचणी तिच्या प्रमाण नावाने आणि विनामूल्य संकेतांकाने बिलावर व अहवालावर छापणे सक्तीचे करावे. संच विकावयाचा असेल तर खुशाल विकावा, पण त्यातील प्रत्येक चाचणीची सुटी किंमत शेजारी लिहावी आणि सुटी चाचणी देण्यास नकार देता येऊ नये. कायदा होईपर्यंत मुंबई महापालिकेने थांबण्याचे कारण नाही. 'आपला दवाखाना' सुरू करताना २०२२ साली तिने १४७ चाचण्या मोफत देण्याची घोषणा केली होती. त्या चाचण्यांची नावे आणि संकेतांक आजच दवाखान्याच्या भिंतीवर लावावेत, म्हणजे नागरिकाच्या हाती निदान एक कसोटीचा दगड येईल. आणि डॉक्टर मंडळींना आमची नम्र विनंती आहे की त्यांनी चिठ्ठीवर 'थायरॉइड' एवढेच खरडू नये. कोणती चाचणी हवी तिचे पुरते नाव लिहावे. त्यांच्या लेखणीच्या दोन फटकाऱ्यांनी रोग्याचे शेकडो रुपये वाचतात.

वाचकांनीही हात बांधून बसू नये. उद्या प्रयोगशाळेत जाल तेव्हा बाही वर करण्यापूर्वी विचारा: या चिठ्ठीवरील चाचणीचे नाव काय, आणि तिची एकटीची किंमत काय? पाव किलो मिरची घेताना ज्याची आपल्याला लाज वाटत नाही, ते आपले रक्त देताना विचारण्याची लाज का वाटावी?